आधी बातमी, मग अहवाल

४ जून २००८ ला ठाण्यातल्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळात बॉम्ब फुटला. ‘आम्ही पाचपुते’ या नाटकाचा प्रयोग लागला होता. नाटकात देवादिकांची टवाळी होते, असा बॉम्ब ठेवणाऱ्यांचा राग होता. सात जण जखमी झाले. चार दिवस आधी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला होता आणि फेब्रुवारीत पनवेलच्या सिनेराज चित्रपटगृहात ‘जोधा अकबर’वरून स्फोट झाला होता. दहशतवादविरोधी पथकाने सनातन संस्था आणि हिंदू जनजागृती समितीशी संबंधित सहा जणांना पकडलं. २०११ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्यांतल्या दोघांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली, चौघांना सोडून दिलं.

या प्रकरणानंतर ठाण्यात किंवा पनवेलमध्ये आडनाव विचारून कुणाला भाड्याचं घर नाकारल्याचं ऐकिवात नाही. ‘तो भागच तसला’ असं कुठल्या आळीबद्दल कुणी म्हटलं नाही. दोन माणसांचा गुन्हा दोन माणसांच्या नावावर राहिला आणि तो तसाच राहायला हवा. मात्र ठाण्याहून कल्याणकडे निघालेल्या लोकलचं दुसरं स्टेशन, म्हणजे मुंब्रा, याला हा साधा नियम कधी लागला नाही.

गडकरीतल्या स्फोटाच्या चार वर्षं आधी, १५ जून २००४ ला, अहमदाबादजवळ गुजरात पोलिसांच्या गोळीबारात चार जण मारले गेले. त्यांत इशरत जहां ही एकोणीस वर्षांची मुंब्र्याची मुलगी होती, माटुंग्याच्या खालसा कॉलेजात शिकणारी. हे चौघे लष्कर-ए-तोयबाचे, गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना मारायला निघालेले, असं पोलिसांनी जाहीर केलं. मग २००९ मध्ये दंडाधिकारी तमंग यांच्या चौकशीने चकमक बनावट ठरवली. २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने नेमलेल्या विशेष पथकाने तेच सांगितलं. २०१३ मध्ये सीबीआयने पोलिस अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. आणि २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने उरलेल्या तीन आरोपी पोलिसांनाही मोकळं केलं. मारले गेलेले दहशतवादी नव्हते असं दाखवणारा पुरावा समोर नाही, असं म्हणत. सतरा वर्षांत पोलिसांवरचा आरोप सिद्ध झाला नाही आणि तिच्यावरचाही नाही. मुंब्र्याचा निकाल मात्र २००४ च्या त्या जूनमध्येच लागून गेला होता.

ठाणे, कल्याण, भिवंडी आणि मुंब्रा या टापूत मुस्लिमांविषयीचा संशय हा असाच वाढत आलेला आहे. बातमी पहिल्या दिवशी येते आणि राहते. अहवाल किंवा निकाल पाच, दहा, वीस वर्षांनी येतो आणि कपाटात जातो. हा क्रम समजून घ्यायला टीव्हीच्या बराच मागे जावं लागतं.

या किनाऱ्यावर मुस्लिम आले ते व्यापारी गलबतांतून, आणि दिल्लीत कुणी सुलतान बसण्याच्या कितीतरी आधी. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या, आता पालघरमध्ये गेलेल्या चिंचणी गावी सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा ताम्रपट त्याची साक्ष देतो. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण मंडळाचा कारभार पाहणारा अधिकारी त्यात येतो तो मधुमती सुगतिप, एक ताजिक, म्हणजे अरब. ‘मधुमती’ हे मुहम्मद नावाचं संस्कृत कानाला पेललेलं रूप. आणि ताम्रपट कशाबद्दल? एका देवीच्या मठिकेला दिलेल्या दानाबद्दल. त्याच दशकांत अरब प्रवासी अल मसुदी चौलला, त्याच्या भाषेत सैमूरला, येऊन गेला. तिथे मुस्लिमांची मोठी वस्ती आहे, त्यांचा स्वतःचा मुखिया आहे आणि राजा त्यांना मान देतो, असं त्याने लिहून ठेवलं.

या वस्त्यांतून पुढे कोकणी मुसलमान म्हणून ओळखला जाणारा समाज घडला. फकीह, काझी, पटेल, मुल्ला, बुबेरे अशी आडनावं, भाताची शेती, लाकडाचा आणि रेतीचा धंदा, होड्या, आणि घरात बोलायला कोकणी वळणाची मराठी. कल्याणच्या दूध नाक्याला, भिवंडीच्या निजामपुऱ्यात, मुंब्र्याला लागून असलेल्या कौशात ही घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं तेव्हाही होती.

कल्याणजवळच्या मलंगगडाची हकीकत तर ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये छापलेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांची फौज त्या भागातून निघून गेल्यावर पेशव्यांनी गडावरच्या हाजी मलंगच्या दर्ग्याला मोत्यांची झालर लावलेली जरीची चादर पाठवली, ती कल्याणच्या काशीनाथपंत केतकर या ब्राह्मणाच्या हाती. केतकर मग तिथली व्यवस्थाच पाहू लागले. १८१७ मध्ये कल्याणच्या मुस्लिमांनी हरकत घेतली, की दर्ग्याची वहिवाट ब्राह्मणाकडे कशी? शेवटी बाबालाच विचारू म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. तीनदा टाकल्या आणि तिन्ही वेळा केतकरांच्या बाजूने निघाल्या. वाद मिटला. विसाव्या शतकात तो व्यवस्थापनाच्या आणि जमिनीच्या रूपाने पुन्हा निघाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोनदा गेला. १९५४ आणि १९६८ चे ते निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना ओळखीचे आहेत. गडाच्या ‘मुक्ती’ची भाषा आली ती त्याच्याही नंतर, शिवसेनेचे आनंद दिघे यांच्या आंदोलनातून. जानेवारी २०२४ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी एका कार्यक्रमात ती पुन्हा उच्चारली. भांडण पूर्वीही होतं. पण १८१७ सालच्या भांडणात कुणाच्या देशनिष्ठेचा प्रश्न आला नव्हता.

तो प्रश्न इंग्रजांनी आणला. १८५७ च्या उठावात शिपाई दोन्ही धर्मांचे होते, पण दिल्लीचा बादशहा नावाला पुढे होता म्हणून दोषाचं माप मुस्लिमांच्या पदरात जास्त पडलं. विल्यम हंटर या सनदी अधिकाऱ्याचं ‘द इंडियन मुसलमान्स’ हे पुस्तक १८७१ मध्ये निघालं. राणीविरुद्ध बंड करणं हे मुस्लिमांचं धर्मकर्तव्य आहे काय, हाच त्या पुस्तकाचा विषय. बंगालमधल्या वहाबी गटांवरून काढलेले निष्कर्ष त्याने साऱ्या हिंदुस्थानातल्या मुस्लिमांना लावले, म्हणून सर सय्यद अहमद खान यांनी त्याचं सविस्तर खंडन लिहिलं. पण पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८७२ मध्ये, अंदमानात शेर अली आफ्रिदी या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा खून केला. खंडन कोण वाचतो मग! लंडनच्या वाचकाला हंटर द्रष्टा वाटला असल्यास नवल नाही.

भिवंडीचा या साऱ्याशी संबंध आहे, आणि तो मागाच्या धाग्याने जोडलेला आहे. मऊ, आझमगड, बनारस, अलाहाबाद या बाजूचे मोमीन विणकर मँचेस्टरच्या कापडाने आधीच हैराण झाले होते. १८५७ नंतरच्या धरपकडीने त्यांचा उरलासुरला धीर सुटला. माग मोडून, कुटुंब घेऊन ते आग्रा रोडने दक्षिणेकडे निघाले आणि बऱ्हाणपूर, मालेगाव, धुळे, भिवंडी असे थांबत गेले. त्यांच्या मूळ गावांतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांच्याबद्दल एक मत बनवून ठेवलं होतं, की जुलाहा म्हणजे धर्मवेडा, दंगेखोर. इतिहासकार ज्ञानेंद्र पांडे यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक पूर्ण प्रकरण या शिक्क्यावर लिहिलं आहे. एका अधिकाऱ्याचं वाक्य दुसऱ्याने उचलायचं, दुसऱ्याचं गॅझेटियरने, आणि गॅझेटियरचं पुढच्या अधिकाऱ्याने, असं ते चाले. विणकराच्या पोटावर पाय आला होता, सावकाराचं कर्ज होतं, हे त्या नोंदींत शोधूनही फारसं सापडत नाही. सापडतो तो त्याचा ‘स्वभाव’.

भिवंडीत या लोकांनी काय केलं? माग लावले. आधी हातमाग, मग वीज आल्यावर यंत्रमाग. भिवंडीतल्या भाषेत ‘लूम’. आंध्र-तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पद्मानगर, कामतघरला राहिले. सूत गुजराती-मारवाडी पेढ्यांचं, सायझिंग कुणाचं, बीम भरणारा कुणी, कांडी भरणारा कुणी, आणि कच्चं कापड पुन्हा मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटला. एका ताग्यामागे इतक्या जातिधर्मांचे हात लागत, की यातला एक जरी रुसला तरी लूमची खटखट थांबे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि गिरण्यांचं बरंच काम इथे वळलं. पण त्याच्या बारा वर्षं आधीच भिवंडीची गणना वेगळ्या यादीत होऊन गेली होती.

७ मे १९७०. शिवजयंतीची मिरवणूक. १९६४ पासून भिवंडीत ती निघू लागली होती, आणि तिचा मार्ग, तिच्यातल्या घोषणा, गुलाल कुठे उधळायचा, यावर दरवर्षी घासाघीस होई. त्या वर्षी आसपासच्या गावांतून झेंडे लावलेल्या काठ्या घेऊन माणसं आली. दगडफेक झाली, मग जाळपोळ, मग आजूबाजूच्या खेड्यांत शिरून कत्तल. दुसऱ्या दिवशी जळगाव पेटलं, महाडमध्येही भडका उडाला. जळगावात मेलेल्या ४३ जणांत ४२ मुस्लिम होते.

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दिनशा पिरोशा मादन यांचा आयोग नेमला. मादन पारशी, त्यामुळे दोन्ही बाजूंना आपला म्हणता येईना आणि परकाही म्हणता येईना. त्यांनी सात खंडांचा अहवाल लिहिला. भारतातल्या दंगलींवर जे काही सरकारी कागद झाले, त्यांत इतक्या चिकाटीने तासातासाची जुळणी केलेले फार थोडे असतील. राष्ट्रीय उत्सव मंडळाच्या लोकांनी मिरवणुकीत मुद्दाम केलेल्या चिथावणीला त्यांनी दंगलीचं तात्कालिक कारण ठरवलं. जनसंघ आणि शिवसेनेच्या स्थानिक मंडळींवर ठपका ठेवला. मजलिस तामीर-ए-मिल्लतच्या भिवंडी शाखेच्या जातीय प्रचारालाही सोडलं नाही. मादन यांचं माप सर्वांना एकच होतं.

पण अहवालाचा सर्वांत झोंबणारा भाग आहे तो तपासाचा. दंगलीनंतर गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलिसांचं विशेष पथक नेमलं गेलं. दंगल हा मुस्लिमांनी आधी रचलेला कट होता हे गृहीत धरूनच हे पथक कामाला लागलं, असा निष्कर्ष मादन यांनी काढला. त्या कटात बसेल तो पुरावा घ्यायचा, न बसेल तो बाजूला ठेवायचा. मुस्लिमांना अटक, आणि हिंदू आरोपींवरच्या तक्रारी थंड. भेदभाव कसा करावा याचा नमुना म्हणून या पथकाचं काम दाखवता येईल, अशा आशयाचे कडक शब्द एका न्यायमूर्तीने सरकारी अहवालात वापरले. आझमगडच्या साहेबाने जे मत एका वाक्यात नोंदवलं होतं, त्याची शंभर वर्षांनी ठाणे जिल्ह्यात फाइल झाली होती.

अहवाल आला तोवर चार-पाच वर्षं उलटली होती. भिवंडीचं नाव झालं ते १९७० च्या बातमीवरून. मादन यांचे खंड ग्रंथालयात गेले. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली, या वेळी ठाणे, कल्याण आणि मुंबईसकट. बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणावरून उठलेलं वादळ, परभणीत त्यांच्या प्रतिमेला घातलेला चपलांचा हार आणि भिवंडीत झेंड्यांवरून झालेली बाचाबाची असा तो प्रवास. अन्सारी बागेत आसऱ्याला जमलेल्या माणसांना जाळून मारलं गेलं.

वर्तमानपत्रांचा हात कुठवर पोचतो याची अधिकृत नोंद मात्र आणखी एका दंगलीनंतर झाली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलीत ९०० माणसं मेली. ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, बाकीच्यांतल्या बहुतेकांची ओळखही पटली नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल दिला. ‘सामना’ आणि ‘नवाकाळ’ यांसारख्या पत्रांतल्या चिथावणीखोर लिखाणाने जानेवारीतला क्षोभ टोकाला नेला, असं त्यात नाव घेऊन म्हटलं आहे. मधल्या काळात युती सरकारने हा आयोगच गुंडाळला होता आणि मग पुन्हा उभा केला होता, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आज लोकलच्या खिडकीतून दिसतं ते मुंब्रा या दंगलीने बनवलं. त्याआधी ते मुंब्रादेवीच्या डोंगराखालचं छोटं गाव होतं. एका बाजूला खाडी, रेतीबंदर, पलीकडे कौसा. १९८२ मध्ये ठाणे महापालिका झाली तेव्हा ते तिच्या हद्दीत होतं. ९३ नंतर मुंबईतली घरं जळालेली, विकलेली किंवा नुसती भीतीने सोडलेली कुटुंबं इथे येऊ लागली. स्वस्त होतं, स्टेशन होतं आणि आजूबाजूला आपली माणसं होती. मुंबईच्या आणि ठाण्याच्या सोसायट्यांत ‘एनओसी मिळणार नाही’ हे वाक्य ऐकून थकलेली कुटुंबंही आली. अशा नकाराला कायद्याचा आडोसाही मिळाला. एप्रिल २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला.

लोक येत गेले, इमारती चढत गेल्या. परवानगी कुणाची, सिमेंट कुठलं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. बिल्डरला नव्हती आणि महापालिकेलाही नव्हती. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याच्या पलीकडे शीळ फाट्याजवळ बांधकाम चालू असलेली सात मजली इमारत कोसळली. ७४ माणसं मेली. पालिकेच्या अधिकाऱ्यांना, पोलिसांना अटक झाली. नियोजनाशिवाय वाढलेल्या वस्तीत जे व्हायचं ते झालं. पण अशा वस्त्यांत बँका कर्ज का देत नाहीत याचं उत्तर नोव्हेंबर २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आहे. काही बँका मुस्लिमबहुल भाग ‘नकारात्मक क्षेत्र’ म्हणून वेगळे काढतात आणि तिथे कर्ज नाकारतात, अशी नोंद समितीने केली. म्हणजे बँक दारात उभं करत नाही म्हणून माणूस रोखीने, कागदाविना घर घेतो, आणि मग कागद नसलेली वस्ती म्हणून बातमी होते.

‘मिनी पाकिस्तान’ हे नाव मुंब्र्याला आणि भिवंडीला कोणी पहिल्यांदा दिलं ते शोधण्यात अर्थ नाही. डोंबिवलीच्या डब्यात ते सहज निघतं, बहुतेक वेळा रागही नसतो त्यात. आणि हे फक्त इथलं नाही. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या फॉक्स न्यूजवर स्टीव्हन इमर्सन नावाच्या तज्ज्ञाने सांगून टाकलं, की इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम पूर्ण मुस्लिम शहर आहे आणि मुस्लिमेतर तिकडे फिरकतही नाहीत. बर्मिंगहॅममध्ये तेव्हा मुस्लिम साधारण पाचातला एक होता. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी त्याला जाहीरपणे मूर्ख म्हटलं, वाहिनीने माफी मागितली. त्याआधी, २२ जुलै २०११ ला नॉर्वेत ७७ माणसं मारली गेली तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या लंडनच्या ‘द सन’च्या पहिल्या पानावर अल कायदाचं नाव होतं. मारणारा निघाला ब्रेव्हिक, मुस्लिमांचा द्वेष करणारा गोरा नॉर्वेजियन. आणखी मागे, १९९५ च्या ओक्लाहोमा शहरातल्या स्फोटानंतरही पहिले काही तास ‘मध्यपूर्वेतल्या’ माणसांचाच शोध चालला होता. पकडला गेला तो टिमोथी मॅक्‌व्हे, अमेरिकी सैन्यातला माजी सैनिक. एडवर्ड सैद यांनी १९८१ मध्येच ‘कव्हरिंग इस्लाम’ हे पुस्तक या सवयीवर लिहिलं होतं. डिसेंबर २०१५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी मुस्लिमांच्या अमेरिकेत येण्यावर सरसकट बंदी मागितली आणि अध्यक्ष झाल्यावर आठवड्याभरात सात देशांबाबत तसा हुकूमही काढला. वॉशिंग्टनमधल्या अशा वाक्यांची झळ न्यू जर्सीतल्या मराठी हिंदू घराला लागत नाही, कल्याणच्या फकीह-काझींच्या तिकडे गेलेल्या मुलांना लागते. विमानतळावर दोघेही ‘कल्याण, महाराष्ट्र’च सांगत असतात.

२०१४ मध्ये कल्याण स्वतःच जगाच्या बातम्यांत आलं. इथले चार तरुण यात्रेकरूंबरोबर इराकला गेले आणि इसिसला जाऊन मिळाले. त्यांतला एक नोव्हेंबरमध्ये परतला, राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याला अटक केली. ही गोष्ट खरी आहे आणि ती गंभीर आहे. तशीच गंभीर गोष्ट भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याजवळच्या बोरिवली गावाची. मुंबई सेंट्रल, विलेपार्ले आणि मुलुंडच्या २००२-०३ च्या स्फोटांच्या खटल्यात २०१६ मध्ये दहा जण दोषी ठरले, त्यांत त्या गावचे लोक होते. डिसेंबर २०२३ मध्ये तपास यंत्रणेने पुन्हा तिथे छापे घातले. हे सारं लपवून मुस्लिमांची बाजू मांडणाऱ्याने त्यांचंच नुकसान केलं असं समजावं. पण दोषी ठरलेले दहा आणि कल्याणहून गेलेले चार यांच्यापासून इथल्या साऱ्या मुस्लिमांपर्यंत जे गणित होतं, ते वाहिन्यांवर होतं. गडकरी रंगायतनच्या दोघांचं तसं गणित कुणी मांडलं नाही.

आणि पकडलेला प्रत्येक जण दोषी निघतो असंही नाही. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावच्या कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेलेले मुस्लिम, आणि पकडलेले नऊही मुस्लिम. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केलं, तोवर त्यांच्या आयुष्यातली दहा वर्षं गेली होती. मालेगाव म्हणजे आग्रा रोडवरचा भिवंडीच्या आधीचा मुक्काम. तिथलेही बहुतेक त्याच मोमीन विणकरांच्या घरातले.

करोनाच्या पहिल्या लाटेत दिल्लीच्या मरकजमधून आलेल्या तबलिगींवर वाहिन्या तुटून पडल्या, तेव्हा निवाडा तुलनेने लवकर झाला. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे नगर जिल्ह्यातले गुन्हे रद्द केले. छापील आणि दूरचित्रवाणी माध्यमांनी या लोकांविरुद्ध मोठा प्रचार केला आणि संकटाच्या काळात बळीचा बकरा शोधला गेला, असं न्यायमूर्ती नलावडे यांनी निकालात लिहिलं. मार्च-एप्रिलमध्ये ज्यांनी भाजीवाल्याला नाव विचारून हाकललं होतं, त्यांच्यातल्या किती जणांनी तो निकाल वाचला असेल?

याच जिल्ह्यात एकदा उलटही घडलं होतं आणि ते पोलिसांनीच घडवलं होतं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे भिवंडीचे पोलिस उपायुक्त झाले. १९८४ चं रक्त सुकलं होतं, राग नव्हता सुकला. खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. एका वस्तीतले हिंदू-मुस्लिम दोन्ही, पुढारी नव्हे तर दुकानदार, लूमवाले, शिक्षक, कामगार. त्यांच्याबरोबर त्या भागाचा फौजदार. बैठकीत भाईचाऱ्यावर भाषणं होत नसत. नळाचं पाणी, गटार, पोरांची मारामारी, कुणाची म्हैस कुणाच्या अंगणात, असले विषय निघत. फौजदाराला वस्तीतली माणसं नावाने कळू लागली आणि वस्तीला कळू लागलं, की पोलिस ठाण्यात आपलं कोण आहे. अफवा आली की ती खरी-खोटी करायला कोणाकडे जायचं ते ठरलेलं असे. खोपडे यांच्यानंतरही ही व्यवस्था चालू राहिली. ६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबई जळत होती तेव्हा दोन दंगली पाहिलेली भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे लिहिलेल्या पुस्तकाचं नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असं आहे. १९९४ नंतर मुंबईतही सतीश साहनी आणि ज्युलिओ रिबेरो यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या निघाल्या.

मिरवणुकीच्या मार्गावरची घासाघीस, गुलालाची जागा, अजानची वेळ या सगळ्या १९७० च्याच गोष्टी होत्या. बदलली होती ती पोलिसांची गृहीतकं. मादन यांनी ज्या पथकाला कटाचा शोध घेताना पाहिलं, त्याच खात्यातला एक माणूस गटारीचा शोध घेत बसला होता.

५ जुलै २००६ ला भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलिस ठाणं बांधण्यावरून जमाव आणि पोलिस भिडले. पोलिसांच्या गोळ्यांनी दोन जण मेले आणि त्या रात्री जमावाने दोन पोलिस शिपायांचा जीव घेतला. भिवंडी पुन्हा पहिल्या पानावर आली, जुन्या विशेषणांसकट. जागेचा वाद हा मोहल्ला समितीच्या बैठकीतला नेहमीचा विषय. समित्या तेव्हा कागदावर किती आणि गल्लीत किती उरल्या होत्या, ते त्या चार मृत्यूंवरून कळतं.